करवंदवाडीच्या ओढ्यातली सहा पोती

रविवार, दि. ९ मार्च २०२५
दुपारचे चार वाजून वीस मिनिटे
करवंदवाडी

ती. रखमाजीमामांस सत्यमचा साष्टांग नमस्कार.

ओट्यावर बसून पँटला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होतो. ती संपली, म्हणून पत्र लिहायला घेतलं. फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग बंगल्यावरचा माळी, स्वयंपाकीण आणि मॅडमचा कुत्रा असे सगळेच ऐकतात. ही गोष्ट सगळ्यांनी ऐकण्यासारखी नाही. हौशीराम दुधाचा टेम्पो घेऊन रोज दुधिवरे खिंडीतून लोणावळा-खंडाळ्याला येतोच, त्याच्याकडे पत्र देतो आहे.

आमच्या वाडीतल्या पोरांनी महिन्याभरापासून दर रविवारी गाव साफ करायला घेतलं आहे. पुढारी दोघं, मी आणि अनघा. अनघा म्हणजे विहाराजवळच्या गायकवाड सरांची मुलगी, लोणावळ्याला कॉलेजात जाते. ती बोलते आणि मी लिहून ठेवतो, अशी वाटणी आहे. आधी देवळामागचा उकिरडा काढला, मग शाळेची मागची बाजू, मग ओढा. ओढ्याच्या काठालाच पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, म्हणून त्याला दोन रविवार दिले.

पण होतं असं, की रविवारी ओढा साफ करावा आणि मंगळवारी सकाळी बघावं तर पुलाखाली सहा पोती. पोत्यांत पिझ्झ्याचे खोके, दारूच्या बाटल्या, लहान मुलांचे डायपर, कुस्करलेला केक. वाडीत पिझ्झा कोणी खात नाही. आमचे सरपंच महिपती आबा यांना खोक्यातला एक वाळलेला तुकडा दाखवला, तर ते म्हणाले, "भाकरीवर कुनीतरी वकलंय."

आबांनी ग्रामसभा बोलावली. ठराव झाला, की पोती टाकणाऱ्याचं नाव चैत्री पौर्णिमेला भैरवनाथाच्या यात्रेत, कुस्त्यांच्या आधी, लाऊडस्पीकरवरून वाचायचं आणि त्याच्या डोक्यावर पोतं देऊन त्याला वेशीपासून देवळापर्यंत चालवायचं. ठराव मी लिहिला. "मग तो जवळचा असो वा लांबचा" हे शब्द मी स्वतःहून घातले. आबांना फार आवडले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले.

तुम्ही मॅडमचा बंगला सांभाळता, बंगल्यांच्या गराड्यात राहता. तिथला सगळा कारभार तुमच्या हाताखालून जातो. असल्या पोत्यांबद्दल कानावर काही आलं असेल तर कळवा. भाऊबीजेला बंगल्यावर पाहुणे होते म्हणून तुम्ही आला नाहीत. आई म्हणते, यात्रेला तरी या.

आपला भाचा,
सत्यम


खंडाळा, १२ मार्च

चि. सत्यमला मामाचा आशीर्वाद.

पत्र पावलं. गाव साफ करताय, लय चांगली गोष्ट. पण तू हुशार पोरगं, अक्षर मोत्यासारखं, बारावीचं इंग्रजी तेवढं राहिलंय. ते सोडून लोकांच्या उष्ट्यात कशाला हात घालतोस?

पोती धरणावर तंबू ठोकणाऱ्यांची असणार. ती माणसं रात्रभर गाणी लावतात, त्यांना पोत्याचं काय. नाहीतर माकडं. हसू नको. इथं माकडांनी मागल्या महिन्यात शेजारच्या बंगल्यातला कुकर नेला, आतल्या डाळीसकट. कुकर नेणाऱ्याला पोतं काय जड? घाटानं उतरून तुमच्याकडं येत असतील.

ठरावातले ते "जवळचा असो वा लांबचा" शब्द काढता आले तर बघ. लांबच्याचं ठीक आहे. पण कायदा फार कडक करू नये. पुढं तो कुणाला आडवा येईल सांगता येत नाही.

पहारा ठेवणार असाल तर कोणत्या वारी आणि कुठं, ते कळव. तुझी काळजी वाटते म्हणून विचारतो. ओढ्याला साप-किरडू असतं.

तुझा मामा,
रखमाजी

ता. क. हौशीराम भला माणूस आहे. त्याच्यावर कुणी संशय घेऊ नये.


बुधवार, दि. १९ मार्च २०२५
सकाळचे सात वाजून दहा मिनिटे
करवंदवाडी

ती. रखमाजीमामांस सत्यमचा साष्टांग नमस्कार.

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला गाड्या लावण्याच्या पावत्यांवर शिक्के मारत बसलो होतो. अजून एकही गाडी आलेली नाही.

तुमच्या माकडांचा मी दोन दिवस विचार केला. माकड पोतं नेऊ शकतं हे मान्य. पण पोत्याचं तोंड शिवू शकत नाही, आणि ही सगळी तोंडं दाभणाने शिवलेली आहेत. खात्री करावी म्हणून मी पुन्हा जाऊन एकेक पोतं नीट तपासलं. अनघाला तुमचं वाक्य वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, मामांना विचार, तिकडच्या माकडांकडे दाभण असतं का.

एका पोत्यात कुरिअरचं पाकीट सापडलं. नाव भिजून गेलं आहे, पण खाली "खंडाळा" एवढं स्पष्ट वाचता येतं. म्हणजे कचरा तुमच्याच बाजूचा आहे. तुमच्या शेजारचा बंगला असेल का?

ठरावातले शब्द आता काढता येत नाहीत. खाली आबांची सही झाली आहे.

पहाऱ्याचं विचारलंत. २४ तारखेच्या सोमवारी अंधार पडल्यापासून पुलावर दहा पोरं असतील. ओढ्याकाठच्या जुन्या वीटभट्टीच्या आवारात मात्र कोणीही बसणार नाही, कारण तिथे विंचू आहेत.

आईचा एक निरोप आहे. दर वर्षी ती तुम्हाला इंद्रायणी तांदूळ पाठवते, त्याची पोती परत आलेली नाहीत. यंदाचा तांदूळ भरायला ती हवी आहेत. भांडं असो की पोतं, आपल्यात रिकामं परत करत नाहीत, म्हणून दादाला संकोच वाटत असेल, असं ती म्हणते. तिने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे, की आत काही घालायची गरज नाही. नुसती पाठवा.

आपला भाचा,
सत्यम


खंडाळा, २१ मार्च

चि. सत्यमला आशीर्वाद.

पोती उंदरांनी खाल्ली. सगळी. आईला सांग, नवी घेऊन देतो, हवी तर डझनभर.

शेजारचा बंगला रिटायर फौजदाराचा आहे. दोन कुत्री आहेत, आणि साहेब कुत्र्यांपेक्षा जास्त भुंकतात. असल्या माणसाच्या वाटेला जाऊ नको. ते पाकीट फाडून टाक. नुसतं फाडू नको, चुलीत घाल.

त्या वीटभट्टीशी माझा काही संबंध नाही. विंचवाचं लिहिलंस ते बरं केलंस. हौशीरामला सांगून ठेवतो, म्हणजे कधी त्याला तिकडून जावं लागलं तर.

माकडांकडं दाभण नसतं, हे मलाही कळतं. त्या पोरीला म्हणावं, वडीलधाऱ्यांची थट्टा करू नये.

यात्रेला येणं अवघड दिसतंय. पाहुणे आहेत. आईला वाईट वाटू देऊ नको.

मामा


बुधवार, दि. २६ मार्च २०२५
संध्याकाळचे सहा वाजून पाच मिनिटे
करवंदवाडी

ती. रखमाजीमामांस सत्यमचा साष्टांग नमस्कार.

सहा पोत्यांची तोंडं शिवत होतो. आत्ताच शेवटचं झालं. डाव्या अंगठ्याला दाभण लागलं आहे, म्हणून अक्षर थोडं वाकडं येईल, क्षमा असावी.

आधी एक सांगतो. मी तुम्हाला पत्रात खोटं लिहिलेलं नाही. वीटभट्टीच्या आवारात कोणी बसणार नाही, असं लिहिलं होतं. आम्ही उभे होतो. विंचू खरंच आहेत.

भट्टीच्या कडेला जिथे टेम्पो मागे घेता येतो, तिथे खालच्या अंगाला ट्रॅक्टरची ट्रॉली लावून ठेवली होती आणि वर पेंढा पसरला होता. पोरं पुलावर होती. भट्टीवर फक्त मी आणि अनघा. दिवेलागण झाल्यावर हौशीरामचा टेम्पो आला, दिवे बंद करून मागे लागला आणि एकेक करून सहा पोती थेट आमच्या ट्रॉलीत पडली. उचलून भरायचा त्रास वाचला. सहावं पडल्यावर अनघाने टॉर्च लावला आणि विचारलं, "भाऊ, पावती हवी का?"

हौशीरामने टोपी काढली. पाणी मागितलं. मग न विचारता सगळं सांगितलं. पोत्यामागे पन्नास रुपये तुम्ही देता, हेही सांगितलं, आणि तुमचा चष्मा फुटल्यापासून माझी पत्रं तोच तुम्हाला वाचून दाखवतो, हेही सांगितलं. जाताना म्हणाला, "तुमचं अक्षर लय ग्वाड हाय, वाचाया मजा येती."

पण मला हौशीरामच्या आधीच कळलं होतं. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा माहीत नव्हतं. तुमचं माकडांचं पत्र आलं, आणि माकडांना शिवता येत नाही हे तुम्हाला पटवून द्यावं म्हणून मी पोती तपासायला गेलो. पोती उलटी केलेली होती. एक सुलटं केलं, तर कोपऱ्यात उंदराने पाडलेल्या भोकाला लाल दोऱ्याचं त्रिकोणी ठिगळ. असं ठिगळ आईच लावते. शेजारी निळीने लिहिलेलं तुमचं नाव होतं, तेही मीच लिहिलेलं. तुम्ही माकडं काढली नसती, तर मी पोत्याच्या आत पाहिलंच नसतं.

त्या रात्री ठराव काढून पुन्हा वाचला. आजी-आजोबा गेले, परंदवडीचं घर विकलं गेलं, आता आईचं माहेर म्हणजे तुम्ही एकटे. नाव वाचलं तर ते माहेर जातं. नाही वाचलं, तर आमच्या सगळ्या रविवारांना काही अर्थ उरत नाही. अनघाला मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, मी कुणाला काही बोलणार नाही, पण यात्रेत नाव वाचलं गेलं नाही तर पुढच्या रविवारी मी येणार नाही. तिचं बरोबर आहे. जवळचा असो वा लांबचा, हे लिहिणारा मीच.

आईला सांगायचं कसं, हे ठरत नव्हतं. तोवर तिनेच परसात येऊन मी धुऊन वाळत घातलेलं पोतं पाहिलं. ठिगळावरून बोट फिरवलं. आत काय होतं ते विचारलं. मी सांगितलं. ती दगडावर बसली. मला वाटलं, आता रडते. तर तिचे खांदे हलायला लागले आणि ती हसतच सुटली. डोळे पुसत म्हणाली, "माजा भाऊ रीतीचा पक्का हाय. पोती रिकामी न्हाई धाडली."

मग उठली आणि म्हणाली, आता आपण तरी रिकामी कशी पाठवायची.

म्हणून ट्रॉलीतली सहाही पोती उघडून पाहिली आणि होती तशीच पुन्हा शिवून ठेवली आहेत. उद्या गुरुवारी आई ती घेऊन हौशीरामच्या टेम्पोने तुमच्याकडे येते आहे. किती दिवस राहणार, ते तिने सांगितलेलं नाही. पोती रिकामी झाल्याशिवाय येणार नाही, एवढंच म्हणाली. हे पत्रही तिच्याच हाती देतो. हौशीरामला वाचायची घाई झाली होती.

नावाचं काय करायचं, ते मला कळत नाही. तुम्हीच सांगा.

आपला भाचा,
सत्यम


खंडाळा, २ एप्रिल

चि. सत्यमला आशीर्वाद.

तुझी आई आज सकाळी परत निघाली. पाडवा हितंच केला.

ती आली तो दिवस मी विसरणार नाही. मॅडमच्या मैत्रिणी पोर्चमध्ये चहाला बसल्या होत्या. हौशीरामचा टेम्पो थेट तिथंच येऊन थांबला. पुढं तुझी आई, नवं लुगडं नेसून. उतरली, सगळ्यांना रामराम केला आणि मॅडमना म्हणाली, "दादानं आमच्याकडं धाडलं व्हतं, ते परत आनलं. दुसऱ्याचं आमी ठिवून घेत न्हाई."

मॅडमना वाटलं तांदूळ. लय खूश झाल्या. मैत्रिणींना म्हणाल्या, अस्सल मावळचा इंद्रायणी, वास तर घेऊन बघा. आणि एक पोतं तिथंच उसवायला लावलं.

वास सगळ्यांनी घेतला.

मैत्रिणींनी कप खाली ठेवले. मग मॅडम एवढंच म्हणाल्या, हा केक तर आमच्याच नातवाचा. मला वाटलं, नोकरी गेली. पण तुझी आई त्यांच्याजवळ बसली, तुमची विहीर, तुमचा ओढा, पोरांचे रविवार असं सगळं सांगितलं, माझी बाजू मात्र अजिबात घेतली नाही. मॅडमनी पोती मागच्या अंगणात न्यायला लावली आणि मला हातमोजे आणून दिले.

तू विचारलं नाहीस, पण सांगतो. घंटागाडीवाले ओला कचरा आणि सुका कचरा निवडल्याशिवाय घेत नाहीत. शनिवार-रविवारचे पाहुणे सगळं एकात एक करून टाकतात. ते निवडायला मला लाज वाटायची. म्हणून पोत्यात भरून हौशीरामच्या रिकाम्या टेम्पोत टाकायचो. तो कुठं टाकतो ते पहिल्यांदा विचारलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं, तरी थांबलो नाही. तुझ्या आईला मी म्हणालो, आपला बाप परंदवडीचा शेतकरी, आणि मी लोकांचे डायपर निवडू? ती खुर्चीत चहा पीत बसली होती. म्हणाली, "माजं पोरगं तेच आमच्या वढ्यातनं उचलतंय. त्यो कुनाचा भाचा हाय, दादा?"

मी हातमोजे चढवले. खाली बसलो आणि तांदळातले खडे निवडावेत तसं निवडलं. ती वरून दाखवत होती, ते राहिलं, ते त्यात नको. माळी आणि स्वयंपाकीण दोघंही बघायला आले होते. कुत्रापण.

आता मॅडमनी पाहुण्यांसाठी दोन पिंपं ठेवलीत आणि वर पाटी लावलीय.

ठरावातले शब्द काढू नको. आबांना त्रास नको, माझं नाव मीच वाचतो. पौर्णिमेला येतो. फक्त एक कर, तुझ्या आईला पुढच्या रांगेत बसवू नको. तिच्याकडं बघून मला बोलता येणार नाही.

मामा


मंगळवार, दि. १५ एप्रिल २०२५
सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे
करवंदवाडी

ती. रखमाजीमामांस सत्यमचा साष्टांग नमस्कार.

हातमोजे धुऊन दोरीवर जोडीजोडीने घालत होतो. एक डावा कमी आहे. तुमच्या पिशवीत गेला असेल तर बघा.

आई पुढच्या रांगेत बसली, यात माझा दोष नाही. मी तिला मागे खुर्ची ठेवली होती. ती उचलून तिनेच पुढे नेली.

तुम्ही गेल्यावर काय झालं, ते कळवतो. तुमचं भाषण पाच मिनिटांचं ठरलं होतं. तुम्ही माकडांपासून सुरुवात केलीत आणि पंचवीस मिनिटं घेतलीत, त्यामुळे अंगाला तेल लावून बसलेले पैलवान आबांवर चिडले होते. आबा म्हणाले, गुन्हेगाराला एवढं चांगलं बोलता येतं हे आधी माहीत असतं, तर सत्कारच ठेवला असता. डोक्यावर पोतं घेऊन तुम्ही देवळापर्यंत गेलात, ते ठरावात होतं. परत वेशीपर्यंत वाजतगाजत आलात, ते नव्हतं. आता लहान पोरं 'मामा-मामा' खेळतात. डोक्यावर पोतं कुणी घ्यायचं, यावरून भांडणं होतात.

आईची मला काळजी होती. यात्रेत बायका तिला काही लागेल असं बोलल्या, तर काय करायचं. एकीने सुरुवात केलीही. आई म्हणाली, "माज्या भावावानी मान्य करून दाखवा म्हनावं कुनालाबी." वर तुम्ही आणलेली साडी तिने त्या बाईला मुद्दाम दोनदा दाखवली.

रविवारी यात्रेचा कचरा काढायला तुम्ही मुक्कामाला राहिलात आणि अनघाही आली. तिने हजेरीत तुमचं नाव पहिलं लिहिलं. काल जयंतीची मिरवणूक झाली. अनघाच्या विहाराच्या मंडळाने रस्ता लगेच झाडून टाकला, आम्हाला काही उरलं नाही.

ग्रामसभेने दंड पैशात न घेता कामात घ्यायचं ठरवलं, ते तुम्हाला माहीत आहे. हिशोब असा.

खर्च: ट्रॉलीचं डिझेल तीनशे, हातमोजे सातशे वीस, खराटे तीनशे साठ, दाभण आणि सुतळी पंचेचाळीस. एकूण एक हजार चारशे पंचवीस रुपये.

जमा: तुमच्या मॅडमनी पाठवलेले एक हजार. उरलेले चारशे पंचवीस अनघाने स्वतःचे घातले आहेत, ते तिला देणे आहेत. साडीची किंमत आईने सांगितली नाही, म्हणून ती कुठेच धरलेली नाही.

आपल्याकडून येणे: रविवार चार. पैकी जमा एक. बाकी तीन.

आई म्हणते, सलग येऊन फेडून टाकू नका. महिन्याला एकच द्या, आणि आदल्या रात्री जेवायला या.

आपला भाचा,
सत्यम